गाणं ऐकायची खोली: किती खर्च, कशावर, कोणत्या क्रमानं

दीड-दोन लाखांची यंत्रणा घरी आणल्यावर बहुतेक रसिकांची तक्रार एकच असते. दुकानात जे ऐकून जीव सुखावला होता, ते घरी येत नाही. डग्गा नुसता घुमतो, ख्यालाचे बोल पुसट होतात, तंबोऱ्याची जवारी उलगडायच्या ऐवजी एक सलग भणभण कानावर येत राहते. मग अँप्लिफायर बदलला जातो, जाडजूड केबल येतात, नवा डॅक येतो. खोली मात्र तशीच राहते: खाली व्हिट्रिफाइड टाइल, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर, एका भिंतीत काचेची स्लायडिंग खिडकी. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

दहा बाय बाराच्या साध्या खोलीवर ४२ ते ५५ हजार रुपये योग्य जागी खर्च केले, तर जो फरक पडतो तो तेवढ्याच पैशांत स्पीकर बदलून पडत नाही. त्या कामातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा तर फुकट आहे. पुढे दिलेले दर पुण्या-मुंबईकडचे, ढोबळ अंदाज बांधण्यापुरते आहेत. गाव, माल आणि सुताराचा हात यांप्रमाणे ते वीसेक टक्के इकडेतिकडे होतील असं धरूनच हिशेब करा.

आधी दोन कामं एकमेकांपासून वेगळी करा, कारण या घोळात सर्वाधिक पैसा वाया जातो. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये, हे एक काम. आतला आवाज आत नीट ऐकू यावा, हे दुसरं. पहिल्यासाठी वजन लागतं आणि प्रत्येक फट बुजवावी लागते. दुसऱ्यासाठी मऊ, सच्छिद्र, जाड माल लागतो. भिंतीला फोम चिकटवून शेजारचा मिक्सर ऐकू यायचा थांबत नाही, हे विकणाराही सांगत नाही. पहिलं काम खऱ्या अर्थानं करायचं तर खोलीत खोली बांधावी लागते: मूळ भिंतीपासून सुटी दुसरी भिंत, दुहेरी जिप्सम, वेगळं छत, जड दरवाजा. खर्च लाखांत जातो आणि खोलीची लांबी-रुंदी दीड-दीड फुटांनी घटते. घरी गाणं ऐकणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रात्रीची मैफल हेडफोनवर करणं हाच शेजारधर्म आणि तोच स्वस्त उपाय.

आपल्या भिंती वेगळ्या आहेत

इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेले असतात. तिथली भिंत म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्सम बोर्ड. खर्जाचा आवाज आला की ती किंचित हलते, थोडा खर्ज गिळते, थोडा पलीकडे जाऊ देते. आपल्याकडे विटांची भिंत, आणि नव्या टॉवरमध्ये तर मिवान शटरिंगची सलग काँक्रीटची. ती हलत नाही. खर्ज आतच फिरत राहतो. म्हणून तिकडच्या यादीतलं सामान जसंच्या तसं मागवून आपला घुमार जात नाही. आपल्याला खर्जावर जास्त खर्च करावा लागतो.

आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागलं की ती लांबी कोणत्या स्वराला गुंजते ते कळतं. १२ फुटांची खोली ४७ हर्ट्झला गुंजते, मग त्याच्या दुपटीला म्हणजे ९४ ला आणि तिपटीला म्हणजे १४१ ला. १० फुटांची रुंदी ५६ ला आणि साडेनऊ फुटांची उंची ५९ ला. हे दोन आकडे एकमेकांना खेटून आहेत, म्हणून त्या पट्ट्यात घुमार दाट होतो. खोली चौकोनी, दहा बाय दहा असेल तर हा त्रास आणखी वाढतो. घरात दोन खोल्यांतून निवड करायची संधी असेल तर लांबट खोली घ्या, मोठी चौकोनी सोडा.

आता हे गाण्याशी जोडून पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे वरच्या १४१ च्या अगदी लगत. बारा फुटांच्या खोलीत तुम्ही बरोब्बर मध्यावर, सहा फुटांवर खुर्ची टाकली, तर ४७ आणि १४१ हे दोन्ही स्वर नेमके तिथेच सर्वांत क्षीण असतात. गायक षड्जावर येऊन स्थिरावतो आणि तुमच्या कानाला तो षड्जच पातळ लागतो. खुर्ची दीड-दोन फूट मागे घेतली की तोच षड्ज भरून येतो. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर उलटं होतं: सगळे खर्ज एकदम चढतात आणि डग्गा गाण्यावर बसतो. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या गायिकांचा षड्ज २०८ ते २३३ हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे खोलीची ही लबाडी कमी जाणवते. म्हणूनच एकाच घरात गायिकेची तबकडी छान वाजते आणि गायकाची वाजत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. दोष ध्वनिमुद्रणाचा नसतो.

खोलीची सर्वांत कडक परीक्षा घ्यायची तर तबल्याचं एकलवादन लावा आणि डग्ग्यावरच्या मींडेकडे कान द्या. मनगट सरकतं तसा स्वर सलग चढायला हवा. मध्येच एखादी जागा अंगावर येते आणि पुढची गायबच होते, असं झालं तर ते खोलीचं काम आहे.

फुकटातलं काम

स्पीकर अरुंद भिंतीकडे ठेवा, म्हणजे ते खोलीच्या लांबीच्या दिशेनं वाजतील. दहा बाय बाराच्या खोलीत सुरुवातीचं माप असं घ्या: स्पीकर समोरच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे, दोघांमध्ये साडेपाच फूट अंतर, आणि बैठक मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे. त्यामुळे दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा जवळपास समभुज त्रिकोण होतो. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्याच अंतरावर हवेत. एका बाजूला कपाट आणि दुसरीकडे उघडं दार, अशी मांडणी असेल तर आवाज एका बाजूला कलतो.

स्पीकरमधला वरचा लहान भोंगा, म्हणजे ट्विटर, कानाच्या उंचीला यायला हवा. खुर्चीवर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून साधारण ३८ ते ४० इंचांवर असतात. आपल्यापैकी अनेकजण गादी-लोडावर बसून ऐकतात, त्यांचे कान ३० इंचांच्या आसपास. तयार स्टँड पहिल्या मापानं केलेले असतात आणि बैठकीवर ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून आवाज जातो. आपल्या बैठकीचं माप घेऊन जवळच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड करून घ्या, पोकळ पाइपात कोरडी वाळू भरा. जोडीला तीन ते चार हजार पुरतात.

मांडणी बरोबर झाली की नाही हे तपासायला जुन्या मोनो ध्वनिमुद्रणासारखं साधन नाही. केसरबाई केरकरांची ७८ आरपीएमवरून घेतलेली एखादी तबकडी लावा. मोनो असल्यामुळे दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज येतो, म्हणून बाई दोन स्पीकरांच्या बरोब्बर मध्ये, एका जागी उभ्या राहून गात आहेत असं वाटायला हवं. आवाज रुंद पसरला किंवा डावी-उजवीकडे सरकला, तर स्पीकर इंच-दोन इंच हलवा, थोडे आत वळवा आणि पुन्हा ऐका. पुढचा एकही रुपया खर्च करण्याआधी या कामाला पंधरा दिवस द्या.

किती पॅनेल लागतील

अंदाजपंचे पॅनेल लावू नका, हिशेब सोपा आहे. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं काही समजत नव्हतं. आवाज पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री आणून एकेक वाढवत घुमार मोजला आणि त्यातून सूत्र काढलं. पुढे १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल याच हिशेबावर उभा राहिला. फुटांमध्ये ते सूत्र असं: खोलीच्या घनफळाला ०.०४९ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. उत्तर येतं ते घुमाराचे सेकंद. शोषणाचं एकक सॅबिन, आणि एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक सॅबिन.

आपल्या खोलीचं घनफळ ११४० घनफूट. टाइल, छत, भिंती मिळून ६५८ चौरस फूट, आणि असे कडक पृष्ठभाग जेमतेम तीन टक्के आवाज शोषतात. म्हणजे वीसेक सॅबिन. रिकाम्या खोलीचा घुमार पावणेतीन सेकंदांवर जातो. ऐकायच्या खोलीत तो ०.३ ते ०.४ सेकंद हवा, त्यासाठी १४० सॅबिन लागतात. पलंग-गादी, जाड पडदा, गालिचा, पुस्तकांचं कपाट आणि बसलेली माणसं मिळून साधारण सत्तर भरतात. उरलेल्या सत्तरसाठी दोन बाय चार फुटांची आठ-नऊ पॅनेल पुरतात. एवढंच. चारी भिंती मढवल्या तर खोली मुकी होते, तान संपल्यावर आवाज गळा दाबल्यासारखा तुटतो आणि गाण्यातली हवा जाते.

कुठे लावायची? तुम्ही बैठकीवर बसा आणि दुसऱ्या कुणाला बाजूच्या भिंतीला आरसा टेकवून हळूहळू सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे आवाज आदळून तुमच्याकडे येतो. त्या जागी प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे चार पॅनेल. दोन स्पीकरांच्या मागे, दोन तुमच्या मागच्या भिंतीवर. छतावरही एक जागा निघते, पण आपल्याकडे तिथे पंखा असतो. ती सोडून द्या.

एक पॅनेल जवळून

बाजारात तयार पॅनेल चार ते आठ हजारांना एक मिळतं. सुताराकडून केलेलं दोन ते अडीच हजारांत होतं आणि कामात कमी पडत नाही. त्यात काय असतं ते पाहा.

चार इंच रुंद पाइनवुडच्या पट्टीची दोन बाय चारची चौकट. आत घनमीटरला ४८ किलो घनतेचा रॉकवुल, ५० मिलिमीटरचे दोन थर. त्यावर पातळ नॉनवोव्हन कापड, म्हणजे धागे बाहेर येत नाहीत. वर दर्शनी कापड. चौकटीच्या मागे दोन हुक. तयार पॅनेल सहा-सात किलोंचं होतं. रॉकवुल पाचशे ते सातशे, पट्टी पाचशे ते सहाशे, दर्शनी कापड तीनशे ते चारशे, सुताराची मजुरी पाचशे ते सहाशे, बाकी किरकोळ. आठही पॅनेल एकदम करून घेतली तरच ही मजुरी परवडते. एकेक करून घेतलं तर सुतार दिवसाची हजेरी लावेल.

फसगत होते ती रॉकवुलच्या घनतेत. वेष्टनावरचा आकडा वाचून थांबू नका, वजनकाटा मागा. एक मीटर बाय ६० सेंटिमीटर, ५० मिलिमीटर जाडीची ४८ घनतेची लादी १ किलो ४४० ग्रॅम भरायला हवी. किलोच्या आत भरली तर तुम्हाला ३२ घनतेचा माल ४८ च्या भावात दिला आहे. माल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, धागे अंगाला खाजतात.

कापड निवडताना ते तोंडासमोर धरून फुंकर मारा. हवा पलीकडे सहज गेली तर आवाजही आत जाईल. ज्यूट, खादी, जाडंभरडं सुती, हातमागाचं कापड उत्तम. रेक्झिन आणि मागून रबर लावलेलं सोफ्याचं कापड अजिबात नको. पुण्यात रविवार पेठेतलं कापडगंज आणि मुंबईत मंगलदास मार्केट, दोन्हीकडे घाऊक भावात निवड भरपूर आहे. लाकडाच्या पट्ट्या पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये कापूनच मिळतात, मग सुताराचा अर्धा दिवस वाचतो.

पॅनेल भिंतीला चिकटवू नका. हुकावर टांगा आणि मागे दोन इंच जागा सोडा. त्या मोकळ्या जागेमुळे तेच पॅनेल आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करतं, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर कापडाला बुरशी धरत नाही. कोकणात आणि गोव्यात ही दोन इंच जागा ऐच्छिक नाही. तिथे कापूस भरलेली पॅनेलही टाळा, कापूस ओल धरतो.

काय विकत घेऊ नये

अंड्यांचे ट्रे आवाज शोषत नाहीत आणि पेट चटकन घेतात. पिरॅमिडच्या आकाराचा एक इंची फोम फक्त वरचे स्वर खातो, झांजेची चमक आणि जवारीची धार जाते, डग्ग्याचा घुमार जागच्या जागी राहतो. म्हणजे खोली आधीपेक्षा वाईट वाजते. त्याहून गंभीर गोष्ट आगीची. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' नावाच्या नाइट क्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणगीनं भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमनं पेट घेतला आणि १०० माणसं गेली. घरात आतषबाजी होत नाही, पण यंत्रणेमागे वायरींचं जाळं असतं आणि देवघरात निरांजन. रॉकवुल दगडापासून बनतो, तो जळत नाही. मुलाबाळांच्या घरात हा एकच मुद्दा निवडीला पुरेसा आहे.

नऊ किंवा बारा मिलिमीटरचे रंगीत फेल्टचे तक्ते दिसायला सुरेख असतात, किंमतही सुरेख असते. भिंतीला थेट लावले तर ते खर्जाला हातही लावत नाहीत. सध्या हॉलमध्ये लावले जाणारे चारकोल लुव्हर प्लास्टिकचे असतात. त्यांचा ध्वनीशी काहीही संबंध नाही, विकताना मात्र 'अकूस्टिक' म्हणून विकले जातात. विक्रेता एनआरसीचा आकडा दाखवेल. तो आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी असतो. २५० च्या खाली काय होतं हे त्यात येतच नाही, आणि आपली खरी अडचण तिथेच आहे. चाचणी अहवालातला १२५ हर्ट्झचा आकडा विचारा, आणि तो किती जाडीला व मागे किती मोकळी जागा सोडून मिळाला तेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दुकानात जा.

डिफ्यूझर नावाचे लाकडी ठोकळ्यांचे तक्तेही या मापाच्या खोलीत नकोत. त्यांच्यापासून काही फूट दूर बसावं लागतं, तेवढी जागा इथे नाही. मागच्या भिंतीला कमी-जास्त खोलीची पुस्तकं ठेवलेलं उघडं कपाट असेल तर ते काम बऱ्यापैकी भागतं. घरातले जुने दिवाळी अंक रद्दीत घालू नका.

कोपरे

५० हर्ट्झच्या स्वराची लांबी साडेबावीस फूट असते. चार इंचांचं पॅनेल त्याला अडवू शकत नाही. पण खोलीतला सगळा खर्ज कोपऱ्यांत येऊन साठतो, म्हणून तिथे त्याला गाठता येतं. जमिनीपासून छतापर्यंत कोपऱ्यात त्रिकोणी चौकट, समोरचा दर्शनी भाग दोन फूट रुंद, आत ठासून रॉकवुल. एका कोपऱ्याला आठ-नऊ लाद्या लागतात. मजुरीसह सात ते नऊ हजार. स्पीकरमागचे दोन कोपरे आधी घ्या. तिथे दार येत असेल तर मागचे. पैसे कमी असतील तर पॅनेल चारावर आणा, पण कोपरे सोडू नका. काँक्रीटच्या खोलीत हा खर्च सर्वाधिक वसूल होतो.

इक्वलायझरनं हेच फुकट होईल, असं कुणी सांगेल. ते अर्धं खरं आहे. जो स्वर चढतो तो त्यानं खाली आणता येतो. जो तुमच्या जागी नाहीसा होतो, तो कितीही चढवला तरी परत येत नाही, नुसता अँप्लिफायरवर ताण पडतो. त्यावर बैठक हलवणं हाच इलाज.

पंखा, दार, खिडकी

विलंबित आलापातला शेवटचा श्वास पंख्याच्या घरघरीत बुडत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. जुना पंखा बदलून बीएलडीसी घेतला तर तीन-साडेतीन हजारांत आवाज कमी होतो, विजेचं बिलही उतरतं. दाराखाली फटीची रबरी पट्टी आणि खिडकीच्या सरकत्या तावदानांना ब्रशची पट्टी, मिळून दीड-दोन हजार. रस्त्यावरचा हॉर्न यानं जात नाही, पण धार बोथट होते. रस्ता फारच वाहता असेल तर आहे त्या खिडकीच्या आत दुसरी, लॅमिनेटेड काचेची खिडकी बसवता येते. तो खर्च चौरस फुटाला हजार रुपयांच्या घरात जातो आणि वरच्या अंदाजात धरलेला नाही.

यंत्रणेला अर्थिंग नीट आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा पाहून घ्या. स्पीकरमधून सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर संशय आधी तिथे घ्यावा.

मोजमाप

'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला लागणारा यूएसबी मापन मायक्रोफोन, उदाहरणार्थ मिनीडीएसपीचा युमिक-१, दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान पडतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधे मायक्रोफोन स्वस्त मिळतात, पण त्यांच्यासोबत मापनाची फाइल येत नाही, तेव्हा या कामासाठी ते उपयोगाचे नाहीत. एकट्यानं विकत घ्यायची गरज नाही. पाच-सहा रसिक मित्रांत मिळून एक घ्यावा, वर्षातून दोनदा लागतो. तोवर कानानं मोजा: ४० पासून १५० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर पाच-पाचच्या टप्प्यानं वाजवा आणि कोणता चढतो, कोणता पडतो ते वहीत लिहा. वरचे ४७, ५६-५९, ९४ हे आकडे तुमच्या वहीत आपोआप उमटतील.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नाहीत. तिथे तीच पॅनेल पाय लावून उभी करा, घर बदलताना सोबत येतात. नवं घर बांधत असाल किंवा फर्निचरचं काम सुरू असेल, तर कोपऱ्यांच्या चौकटी आणि कपाटाचं उघडं फडताळ त्याच सुताराकडून करून घ्या. नंतर वेगळा सुतार बोलावण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा असावा. पहिल्या महिन्यात मांडणी, स्टँड आणि गालिचा: सहा ते नऊ हजार. गालिचा जाड घ्या, साधी सतरंजी असेल तर दुहेरी घाला. मग खिडकीला भरपूर चुण्यांचा जाड पडदा, काचेपासून चार इंच सुटा, चार ते सहा हजार, आणि दार-खिडकीच्या पट्ट्या. त्यानंतर कोपरे, चौदा ते अठरा हजार. शेवटी आठ पॅनेल, सोळा ते वीस हजार. प्रत्येक टप्प्यानंतर तीच तीन-चार ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐका. कुणाची खोली कोपरे झाल्यावरच समाधान देईल, त्यांनी पॅनेल चारच करावीत. एकदम सगळं करून देणारा कंत्राटदार तुम्हाला ही सवड देणार नाही.

कंत्राटदारालाच काम द्यायचं असेल, तर कोटेशन लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी लिहून घ्या: रॉकवुलची घनता, थरांची जाडी, पॅनेलची संख्या व माप, आणि जीएसटी धरून की वेगळा. 'अकूस्टिक ट्रीटमेंट, लमसम' असं एका ओळीचं कोटेशन आलं तर परत पाठवा. निम्मे पैसे माल घरी आल्यावर, वजन करून झाल्यावरच द्या. पक्कं बिल जपून ठेवा. लिहिलेल्या घनतेचा माल आला नाही आणि विक्रेता बदलून देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या तक्रारीत बिल आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या लादीचा फोटो, दोन्ही जोडा.